छावणीचा अधिकारी निवृत्तीला कुठे जाई?

१/ हिंगोली हे १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटच्या लष्करी छावणीचे ठाणे होते. अशा दख्खनी छावण्यांतील इंग्रज अधिकाऱ्यांच्या आयुष्यात कवायतीच्या खालोखाल शिकारीला स्थान होते.

२/ इंग्रज शिकाऱ्यांच्या लेखनात ‘एल्क’ भेटतो. खरा एल्क भारतात नाही. हे आपले सांबर. त्याला परमुलखातील हरणाचे नाव चिकटले.

३/ छावणी हुकमाने मिळे; निवृत्तीचे ठिकाण मात्र स्वतः निवडता येई. बहुतेक अधिकारी विलायतेला परतत. मागे राहणाऱ्यांपैकी काहींना निलगिरीतील उटकमंड खुणावी: मायदेशासारखी थंड हवा आणि भोवतालच्या शोला वनांत सांबरे.

४/ परंतु ज्या शिकारीच्या ओढीने माणसे तेथे राहिली, तीच त्यांच्या बंदुकांनी आटू लागली. १८७९ मध्ये निलगिरीपुरता शिकार व मत्स्यसंरक्षणाचा कायदा करावा लागला. त्यामागे प्राण्यांविषयीच्या करुणेपेक्षा छंद टिकवण्याची चिंता अधिक होती. निर्बंध मात्र त्या रानांवर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्यांनाही सोसावे लागले.

५/ १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी परवान्याची शिकारही संपवली. सांबर जगावे ते शिकाऱ्यासाठी नव्हे, हे मान्य व्हायला शतकाहून अधिक काळ लागला.