अडीच रुपयांची नोट

चांदीचा रुपया पेटीत पडून राहिला, तरी राज्य बदलल्यावर त्यातील चांदी चांदीच राहते. नोटेचे तसे नाही. नोट म्हणजे एक वचन होय, आणि वचनाची मुदत ते देणाऱ्याच्या हाती असते. म्हणून व्यवहारात क्वचित दिसणारी एखादी नोट हाती आली असता ती खर्चावी की जपावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात चांदी महागली आणि रुपये पाडण्यास ती पुरेनाशी झाली. तेव्हा सरकारने 30 नोव्हेंबर 1917 रोजी एक रुपयाची, आणि पाठोपाठ 1918 साली दोन रुपये आठ आण्यांची नोट काढली. एक रुपयाच्या नोटेवर तर चांदीच्या रुपयाचे चित्रच छापले होते! परंतु चित्राने लोकांचे समाधान होईना. चांदीचा रुपया घरात राही आणि कागद बाजारात जाई. ठिकठिकाणी नोट मोडताना बट्टा द्यावा लागे. अखेर 1918 मध्ये अमेरिकेने कायदा करून आपल्या साठ्यातील सुमारे 20 कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी विकली, तेव्हा निभाव लागला. अडीच रुपयांची नोट 1 जानेवारी 1926 रोजी मागे घेण्यात आली. आज संग्राहक तिला दर्शनी किमतीच्या कितीतरी पट मोल देतात. याचे कारण उघड आहे : ती जपावी असे त्या काळी फारसे कोणाला वाटलेच नाही.

दुसऱ्या महायुद्धात, 1943 साली, दोन रुपयांची नोट आली. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात सनदी नोकरी केलेल्या या मराठी गृहस्थाची सही त्या नोटेवर उमटली. त्यांच्याच कारकिर्दीत, 12 जानेवारी 1946 च्या वटहुकुमाने 500, 1,000 आणि 10,000 रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. 1954 मध्ये हजाराच्या व त्याहून मोठ्या नोटा पुन्हा निघाल्या आणि 1978 च्या जानेवारीत पुन्हा रद्द झाल्या. म्हणजे लहान नोट सांभाळणाऱ्याने फार तर अडीच रुपये अडकवले. मोठी नोट दडवणाऱ्याचा मात्र घात झाला.

येथे ‘रद्द करणे’ आणि ‘मागे घेणे’ यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. 19 मे 2023 रोजी दोन हजारांची नोट मागे घेण्यात आली. तिचे कायदेशीर चलनत्व काढून घेतले नव्हते. तरीही ती घरात ठेवणाऱ्यांची गैरसोय झालीच. छत्तीसगडमधील भिलाईनजीकच्या चरोद्याचे उदाहरण घ्या. रेल्वेचे विस्तीर्ण यार्ड आणि शेजारचा पोलाद कारखाना यांच्या आश्रयाने या परिसरात मराठी कुटुंबेही स्थिरावली. 7 ऑक्टोबर 2023 पर्यंत ही नोट गावच्या बँकेत भरता येत होती. त्यानंतर मात्र ती रिझर्व्ह बँकेच्या 19 ठराविक कार्यालयांतच स्वीकारली जाऊ लागली. त्यांत नागपूर होते, रायपूर नव्हते. टपालाने नोट पाठवण्याची सोय होती खरी. पण स्वतः जाऊ म्हणणाऱ्याला सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा प्रवास आला. 1956 पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती; सरकारी कामासाठी तिकडे जाण्याची जुनी वाट अशी पुन्हा उघडली!

पुढे मोल वाढेल या आशेने ती नोट ठेवावी, तर त्यातही तथ्य नाही. मागे घेण्याची घोषणा झाली त्या दिवशी 3.56 लाख कोटी रुपयांच्या दोन हजारी नोटा व्यवहारात होत्या. जी वस्तू सर्वांनीच जपली, ती दुर्मिळ कशी व्हावी?

तात्पर्य, स्मृतीसाठी एखादी नोट अवश्य ठेवावी. एक, दोन वा पाच रुपयांची जुनी नोट नातवंडांना दाखवण्यात तोटा काहीच नाही. शिवाय तिचे चलनत्वही कायम आहे. परंतु आजारपणासाठी वा लेकीच्या लग्नासाठी गृहिणीने डब्यात साठवलेला पैसा ही स्मृतिचिन्हे नव्हेत. तो पैसा वेळेस उपयोगी पडावा, एवढीच त्या माउलीची अपेक्षा असते. कागदावरचे वचन पाळले जाईलच. पण ते कोठे आणि कधीपर्यंत, हे ठरवणे तिच्या हाती नाही. म्हणून स्मृतीची नोट पेटीत असावी, आणि संसाराची पुंजी खात्यात.