पडद्यावर न दिसलेली जीन्स

अभिनेत्री स्मिता पाटील सिनेमात येण्याआधी मुंबईच्या टीव्ही केंद्रावर जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसायची, ही गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. गोष्ट गोड आहे, तिच्या बिनधास्त स्वभावाला शोभणारीही आहे. पण ती तपासायला घेतली की पहिला प्रश्न पडतो तो साक्षीदाराचा. बातम्या देणारी व्यक्ती टेबलामागे बसायची आणि कॅमेरा तिला छातीपासून वर दाखवायचा. घरी टीव्हीसमोर बसलेल्या कुणालाही ती जीन्स दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे ही आठवण स्टुडिओतल्या सहकाऱ्यांची, मैत्रिणींची आणि घरच्यांची. त्यांनी ती सांगितली म्हणून ती धरायची. "मी स्वतः टीव्हीवर पाहिलं" असं कुणी म्हणालं, तर त्याचं प्रेम तेवढं घ्यावं, साक्ष घेऊ नये.

टीव्हीवरच्या निवेदकाचं चरित्र तपासणं म्हणजे अर्धं काम त्या माध्यमाचा इतिहास तपासण्याचं. टीव्हीचं मुंबई केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी. स्मिताचा जन्म पुण्यातला, 17 ऑक्टोबर 1955 चा. म्हणजे केंद्राच्या उद्घाटनाच्या दिवशी तिला सतरावं वर्ष पूर्ण व्हायला पंधरा दिवस बाकी होते. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात तिने मराठी बातम्या वाचल्या, हे पक्कं. मात्र 'अगदी पहिल्या दिवसापासून' असं कुठे वाचायला मिळालं तर या दोन तारखा शेजारी शेजारी मांडाव्यात आणि आणखी पुरावा मागावा. 'पहिली' हा चरित्रातला सर्वांत निसरडा शब्द. डॉ. विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, ज्योत्स्ना किरपेकर, थोडं पुढे प्रदीप भिडे, अशी मंडळी त्या काळात बातम्या देत होती. पहिली निवेदिका म्हणजे पहिल्या दिवशीची, पहिली स्त्री की पहिली प्रसिद्ध झालेली? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात.

प्रक्षेपणाचा पल्लाही बरंच काही सांगतो. मुंबईचे कार्यक्रम पुण्याला दिसू लागले ते 1973 पासून. स्मिताचे वडील शिवाजीराव पाटील खानदेशातल्या शिरपूरचे. पण गावातल्या लोकांनी आपल्या लेकीला त्या वेळी घरबसल्या बातम्या देताना पाहिलं असं कुणी लिहिलं, तर ते खोडावं लागेल. मुंबईच्या मनोऱ्याचा संकेत तिथवर पोहोचतच नव्हता.

तिच्या लाल कुंकवाचंही तसंच. देशात रंगीत प्रक्षेपण आलं 1982 मध्ये. तोवर स्मिता बातम्यांतून केव्हाच बाहेर पडली होती. तिच्या कपाळावरचा टिळा प्रेक्षकांना दिसला तो काळा ठिपका म्हणून. लाल रंग आठवतो तो नंतरच्या सिनेमांमधून आणि मासिकांच्या मुखपृष्ठांवरून मागे सरकलेला. आठवण खोटी नसते. ती दोन काळ एकत्र शिवते, आणि तपासणाऱ्याला ती शिवण हलक्या हाताने उसवावी लागते.

मूळ बातमीपत्र काढून बघावं म्हटलं, तर वाट तिथेच अडते. बातम्या थेट प्रक्षेपित व्हायच्या. वाचून झाल्या की हवेत विरल्या. मग उरतात ते कागद: वर्तमानपत्रांत रोज छापून येणारे कार्यक्रम, त्या वेळची पत्रं, मानधनाच्या नोंदी. 1 एप्रिल 1976 पर्यंत टीव्ही आकाशवाणीचाच भाग होता, तेव्हा शोधणाऱ्याने 'दूरदर्शन' या एकाच नावाखाली सगळं सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये.

सिनेमातल्या प्रवेशाची कथाही दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एकीत दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी तिला टीव्हीवर पाहिलं, दुसरीत ध्वनिमुद्रक हितेंद्र घोष यांनी तिचं नाव सुचवलं. दोन्ही एकाच वेळी खरं असायला काहीच हरकत नाही, आणि तसंच मानणं शहाणपणाचं. पहिला चित्रपट कोणता, यावर मात्र भांडण लागतं. बेनेगल यांचा 'चरणदास चोर' 1975 चा. त्याच्या आधी, 1974 मध्ये, अरुण खोपकरांच्या 'तीव्र मध्यम' या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या पदविका चित्रपटात ती होती. विद्यार्थ्याचा चित्रपट मोजायचा की नाही, हे आधी ठरवा, म्हणजे भांडण मिटेल. 'चक्र' या चित्रपटासाठी तिला मिळालेल्या राष्ट्रीय पुरस्काराचं वर्ष कुठे 1980, कुठे 1981 दिसतं, कारण पुरस्कार 1980 सालचा आणि चित्रपट लोकांपुढे आला 1981 मध्ये.

टीव्हीवरच्या इतर निवेदकांच्या बाबतीत कधी कधी नावच तपासावं लागतं. 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा मुलाखतींचा कार्यक्रम 1972 ते 1993 अशी एकवीस वर्षं चालवणाऱ्या तबस्सुम यांचं कागदोपत्री नाव किरणबाला सचदेव. वडील अयोध्यानाथ, आई असगरी बेगम. आईच्या धर्माचा मान राखून वडिलांनी तबस्सुम म्हटलं, वडिलांच्या धर्माचा मान राखून आईने किरणबाला. ही नोंद म्हणजे नुसतं 'खरं नाव' आणि 'पडद्यावरचं नाव' अशी जोडी नव्हे. एका घरातल्या आईवडिलांनी परस्परांसाठी जपलेली माया त्या दोन नावांत आहे, आणि चरित्रकाराने एक नाव गाळलं तर तीच गळते.

स्मिताच्या बाबतीत शेवटच्या तारखांवर वाद नाही. 28 नोव्हेंबर 1986 ला मुलगा झाला आणि पंधरा दिवसांनी, 13 डिसेंबरला, ती गेली. वय एकतीस. त्याच्या नऊ वर्षं आधी 'भूमिका' या चित्रपटात तिने जी बाई उभी केली, तिचा आधार होता अभिनेत्री हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन. हंसाबाई 1971 मध्ये वारल्या, पण त्याआधी लेखक अरुण साधूंनी त्यांच्याकडून त्यांचं आयुष्य ऐकून शब्दांत उतरवलं होतं. स्मिताने आत्मचरित्र लिहिलं नाही. मुंबई केंद्राच्या वरळीतल्या स्टुडिओत तिच्या शेजारी बसणारे, तिला साडी नेसताना पाहणारे लोकही आता एकेक करून जात आहेत. प्रदीप भिडे 2022 मध्ये गेले.