कानाचं ऑपरेशन पुढं ढकलायचं की लगेच करायचं? कोरोनाच्या साथीनं डॉक्टरांना काय शिकवलं, जाणून घ्या

कान वाहतो म्हणून दाखवायला गेलं आणि डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन लागेल, पण सध्या थांबू." २०२० साली अनेकांना हे ऐकावं लागलं. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, कोरोना तर फुप्फुसाचा आजार, त्याचा कानाच्या ऑपरेशनशी काय संबंध? संबंध होता, आणि तो चांगलाच जवळचा होता. पुढं पुन्हा एखादी साथ आली तर आपलं ऑपरेशन थांबू शकतं का, हे कळायला हा संबंध समजून घेतलेला बरा.

कान आणि नाक आतून जोडलेले

कानाच्या पडद्यामागं एक छोटी पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. सर्दी झाली की कानाला दडे बसतात ते या नळीमुळंच. मध्यकर्णाच्या मागं, म्हणजे कानामागं हाताला लागणाऱ्या हाडातही हवेचे छोटे कप्पे असतात. नाकातलं अस्तर या नळीतून मध्यकर्णात आणि तिथून या हाडापर्यंत पोहोचलेलं असतं. त्यामुळं नाकातला विषाणू कानापर्यंत जाऊ शकतो, अशी शंका डॉक्टरांना सुरुवातीपासून होती.

जुलै २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांची एक तपासणी प्रसिद्ध झाली. कोरोनानं दगावलेल्या तीन रुग्णांचे कान त्यांनी तपासले होते. तिघांपैकी दोघांच्या कानात विषाणू सापडला. तिघांचीच तपासणी असल्यानं त्यावरून मोठा निष्कर्ष काढता येत नव्हता, पण सावध होण्यासाठी एवढं पुरेसं होतं.

खरी भीती ड्रिलची

कान जुनाट वाहत असेल आणि हाड सडत असेल, तर कानामागचं हाड कोरून आतली घाण काढावी लागते. हे काम वेगानं फिरणाऱ्या बारीक ड्रिलनं होतं. हाड तापू नये म्हणून त्यावर सतत पाणी सोडतात. पाणी, रक्त आणि हाडाचा भुगा यांचे बारीक तुषार हवेत उडतात. डॉक्टर मायक्रोस्कोपला डोळे लावून, रुग्णाच्या अगदी जवळ बसलेले असतात, आणि असं ऑपरेशन कधीकधी दोन-तीन तास चालतं.

कान-नाक-घसा तज्ज्ञांचं सगळं कामच रुग्णाच्या श्वासाजवळ चालतं. ब्रिटनमधले या शाखेचे डॉ. अमगेद एल-हवरानी २८ मार्च २०२० रोजी कोरोनानं गेले. तिथल्या सरकारी रुग्णालयांत काम करताना साथीच्या सुरुवातीलाच जीव गमावलेल्या डॉक्टरांपैकी ते एक.

ऑपरेशन थिएटरमध्ये काय बदललं?

▪ ऑपरेशनआधी कोरोनाची आरटी-पीसीआर चाचणी होऊ लागली.

▪ खोलीत फक्त गरजेचीच माणसं ठेवली जाऊ लागली.

▪ डॉक्टर एन-९५ मास्क, गाऊन आणि चष्मा घालून काम करू लागले. पण चष्म्यावर वाफ धरायची, आणि मायक्रोस्कोपच्या भिंगाला डोळा नीट टेकायचा नाही. चेहऱ्याची नस जिथून जाते त्या जागी नजर धूसर होऊन कसं चालेल? त्यामुळं कोणता चष्मा चालेल हे आधी घालून बघावं लागायचं.

▪ काही ठिकाणी मायक्रोस्कोपला पारदर्शक प्लास्टिक बांधून रुग्णाच्या डोक्याभोवती तंबू केला गेला. हात आत आणि डोळे बाहेर, त्यामुळं तुषार आतच राहायचे.

▪ जमेल तिथं ड्रिल टाळून हातानं चालवायची हत्यारं वापरली गेली.

कोणाचं थांबलं, कोणाचं नाही?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच होता. पडद्याला नुसतं छिद्र आहे आणि कान कोरडा आहे, अशा रुग्णाला काही महिने थांबवता येतं. पण कानातला पू मेंदूकडं निघाला असेल, कानामागं गळू झालं असेल किंवा कानाच्या आजारानं तोंड वाकडं झालं असेल, तर साथ असो वा नसो, थांबता येत नाही. मेंदूज्वरानंतर बहिऱ्या झालेल्या मुलांचंही तसंच. त्यांच्या आतल्या कानात हाड भरत जातं आणि उशीर झाला तर कॉक्लिअर इम्प्लांट बसवणं कठीण होतं. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाचंही भाषा शिकायचं वय निघून जातं. म्हणजे "थांबा" हा शब्द प्रत्येकासाठी सारखा नव्हता.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्या महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस म्हणजे 'काळी बुरशी'चे रुग्ण मोठ्या संख्येनं आले. ती ऑपरेशनं मुख्यतः नाक आणि सायनसची, पण करणारे डॉक्टर तेच. त्यामुळं कानाच्या रुग्णांची वाट आणखी लांबली.

आपण काय लक्षात ठेवायचं?

पुढं कुठल्याही कारणानं ऑपरेशनची तारीख लांबली, तर डॉक्टरांना सरळ विचारा: "माझं थांबवण्यासारखं आहे का? थांबलो तर कोणत्या लक्षणांवर नजर ठेवू?" तोवर कानात पाणी जाऊ देऊ नका. तेल, काडी, पिन काहीही घालू नका. दवाखाना लांब असेल तर सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर फोनवरून सल्ला मिळतो. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

मात्र खालीलपैकी एकही लक्षण दिसलं तर फोनवर वेळ घालवू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा:

▪ कानामागं सूज येऊन कान पुढं ढकलल्यासारखा दिसणं

▪ कान वाहत असताना ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या किंवा मान आखडणं

▪ तोंड वाकडं होणं

▪ गरगरून तोल जाणं किंवा रुग्ण सुस्त पडणं

▪ अचानक एका कानानं ऐकू न येणं

यातलं शेवटचं लक्षण लोक सर्वात जास्त अंगावर काढतात. "दडा बसला असेल, सुटेल आपोआप," म्हणत आठवडे जातात. अचानक गेलेल्या ऐकण्यावर पहिल्या काही दिवसांतच औषध सुरू झालं, तर ते परत येण्याची आशा जास्त असते.

साथीच्या काळात डॉक्टरांनी कोणाला थांबवायचं हे ठरवलं ते आजार पाहून. आपणही घरी बसून अंदाजानं थांबू नये. थांबायचं असेल तर डॉक्टरांना कान दाखवून, विचारूनच थांबावं.