उच्च रक्तदाब आणि पारंपरिक वैद्यक : चीन व भारत यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालयाची स्थापना केली. त्या काळी उच्च रक्तदाबावर जगातील कोणत्याही वैद्यकाजवळ खात्रीचे औषध नव्हते. पुढील चाळीस वर्षांत हे चित्र पालटले आणि त्यात पारंपरिक वैद्यकाचा वाटा मोठा होता. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

चिनी वैद्यकाची भूमिका :
रिव्हा-रोची यांचे रक्तदाबमापक यंत्र १८९६ मध्ये आले व १९०५ मध्ये कोरोटकॉफ यांनी त्याला श्रवणपद्धतीची जोड दिली. त्यामुळे प्राचीन चिनी ग्रंथांत 'उच्च रक्तदाब' या नावाचा रोग आढळत नाही. डोकेदुखी, चक्कर, चिडचिड ही लक्षणे यकृतातील 'यांग' वर चढल्याने होतात, असे ते वैद्यक मानते. त्यावर काढे, सूचिचिकित्सा व 'ताई ची'सारखा संथ व्यायाम सुचविला जातो. यासाठी आज प्रसिद्ध असलेला 'तियानमा-गौतेंग' काढा मात्र १९५० च्या दशकात ग्रंथबद्ध झाला. परंपरा म्हणजे केवळ जुने नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

सर्पगंधेचा प्रवास :
भारतात सर्पगंधेचे मूळ निद्रानाश व उन्मादावर पूर्वापार वापरात होते. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावरील तिचा परिणाम प्रसिद्ध केला. तथापि जगाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेल्या या हृदयरोगतज्ज्ञाने ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळातून 'रेसर्पिन' वेगळे केले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार लाभला. चीनमध्येही रेसर्पिनयुक्त संयुक्त गोळ्या १९६० च्या दशकापासून रूढ झाल्या. स्वस्त असल्यामुळे त्यांचा तेथे दीर्घकाळ मोठा वापर झाला.

यशाची दुसरी बाजू :
रेसर्पिनमुळे मज्जातंतूंच्या टोकांतील नॉरअॅड्रिनॅलिनचा साठा घटतो व रक्तदाब उतरतो. परंतु अधिक मात्रेत काही रुग्णांना तीव्र नैराश्य आल्याचे अहवाल लवकरच येऊ लागले आणि नवी औषधे आल्यावर त्याचा वापर ओसरला. वनस्पतिजन्य औषध निरुपद्रवी असते, या समजुतीला हा इतिहास छेद देतो. मुळांसाठी झालेल्या बेसुमार तोडीमुळे ही वनस्पतीही दुर्मिळ झाली व तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले.

समारोप :
सर्पगंधा शतकानुशतके ज्ञात होती, परंतु मापन व नोंदी झाल्यावरच तिचे गुण आणि दोष दोन्ही जगापुढे आले. उच्च रक्तदाब बहुधा लक्षणांवाचून वाढतो. त्यामुळे 'बरे वाटते' हा औषध थांबविण्याचा निकष ठरू शकत नाही. काढा असो, सुई असो वा गोळी, तिची कसोटी रक्तदाबाच्या नियमित नोंदीवरच लागते. आपल्या जिल्ह्यातील वैद्य, डॉक्टर व रुग्ण यांनी या इतिहासातून घ्यावयाचा बोध हाच होय.