परिचारिका-नोंदणीचे नूतनीकरण

परिचर्येचा व्यवसाय करण्याचा अधिकार देणारी शासनमान्य नोंद मुदतीत चालू ठेवण्याची कार्यवाही. ही जबाबदारी मुख्यतः त्या परिचारिकेची किंवा परिचारकाची स्वतःची असते. रुग्णालय आठवण करून देऊ शकते, पण राज्याच्या परिचर्या परिषदेकडे अर्ज जिचा तिलाच करावा लागतो.

परिचारिकेच्या फोल्डरमध्ये सहसा तीन प्रकारचे कागद असतात आणि त्यांच्यात नेहमी गल्लत होते. जीएनएमची पदविका किंवा बीएस्सी नर्सिंगची पदवी कायमची. तिला मुदत नाही. महाराष्ट्रात परिषदेच्या नोंदणीची मुदत ५ वर्षांची आहे. तिसरा प्रकार कौशल्य-प्रमाणपत्रांचा. त्यांतली बीएलएस व एसीएलएस ही अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या जीवरक्षक उपचारांच्या अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे २ वर्षांत संपतात. ‘माझे सगळे सर्टिफिकेट आहे’ असे सांगणाऱ्या सिस्टरकडे बहुधा पहिला कागद नक्की असतो. उरलेल्या दोहोंवरची तारीख पाहावी लागते.

नोंदवहीची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. न्यूझीलंडने १९०१ मध्ये परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला आणि १९०२ च्या जानेवारीत एलेन डॉहर्टी हे पहिले नाव नोंदले गेले. ब्रिटनमध्ये एथेल गॉर्डन फेनविक यांनी या मागणीसाठी तीसेक वर्षे झुंज दिली; कायदा १९१९ मध्ये झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल मात्र नोंदणीच्या विरोधात होत्या. परीक्षा आणि यादीतले नाव यांवरून बाईचे शील आणि हातोटी कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नूतनीकरणाची अट हे या आक्षेपाला उशिरा दिलेले, आणि तेही अर्धेच, उत्तर म्हणता येईल. भारतात मद्रास प्रांताने १९२६ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९३५ मध्ये नोंदणीचे कायदे केले. १९४७ च्या केंद्रीय कायद्याने भारतीय परिचर्या परिषद निर्माण झाली. महाराष्ट्रात १९६६ च्या अधिनियमानुसार महाराष्ट्र परिचर्या परिषद नोंदवही ठेवते.

नूतनीकरणासाठी शुल्क भरणे पुरेसे नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या सूत्रानुसार ५ वर्षांत १५० तासांचे निरंतर परिचर्या शिक्षण पूर्ण करावे लागते, म्हणजे वर्षाला सरासरी ३० तास. बोलीत याला ‘सीएनईचे तास’ म्हणतात. मान्यताप्राप्त कार्यशाळा, परिषदा, प्रशिक्षणे यांचे तास धरले जातात. वॉर्डात नव्या मुलींना सलाईन लावायला शिकवण्यात गेलेला वेळ या हिशेबात येत नाही. तास जमवणे मोठ्या सरकारी रुग्णालयात तुलनेने सोपे, कारण कार्यशाळा आवारातच होतात. वीस खाटांच्या खासगी रुग्णालयात एक जण रजेवर गेली तरी पाळी उघडी पडते. तिथे रात्रपाळी उरकून थेट कार्यशाळेला जाऊन बसावे लागते. शिवाय मोजली जाते ती हजेरी. सकाळी ऐकत बसलेली आणि खुर्चीत डुलक्या काढणारी, दोघींच्या प्रमाणपत्रावर तास सारखेच येतात. पाचवे वर्ष संपत आले की तासांसाठी धावपळ होते ती यामुळेच.

ज्ञान जुने होते म्हणजे नेमके काय, हे हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाच्या, म्हणजे सीपीआरच्या, उदाहरणावरून दिसते. २००५ पूर्वी शिकलेल्या परिचारिकेने प्रौढ रुग्णाला छातीवर १५ दाब आणि २ श्वास या क्रमाने उपचार देणे शिकले होते. २००५ मध्ये हे प्रमाण ३० दाबांना २ श्वास असे झाले. २०१० मध्ये क्रमच उलटला: आधी श्वासमार्ग पाहण्याऐवजी आधी छाती दाबायची. २०१५ मध्ये मिनिटाला १०० ते १२० दाब आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोली अशी वरची मर्यादाही आली. जुना क्रम हाताच्या सवयीत इतका मुरलेला असतो की कागदावर वाचून तो जात नाही. पुतळ्यावर पुन्हा हात बसवावा लागतो. बीएलएसच्या दोन वर्षांच्या मुदतीमागचे एक कारण हे आहे.

अर्ज अडतो तो बऱ्याचदा नावावर. जीएनएमला प्रवेश घेताना मुलीच्या नावामागे वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असते. नोंदवहीतही तेच उतरते. लग्नानंतर आधार कार्डावर मधले नाव नवऱ्याचे आणि आडनाव सासरचे येते. पाच वर्षांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले की ते दोन वेगळ्या बायकांचे वाटतात. मग विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत शोधणे आले. पुरुष परिचारकांना हा त्रास नाही.

राज्य बदलले तरी काम वाढते. बेळगावात शिकून कर्नाटकच्या परिषदेत नोंद झालेली परिचारिका कोल्हापुरात नोकरीला आली, तर तिला महाराष्ट्राच्या परिषदेत नोंद करून घ्यावी लागते. देशभरची एकच जिवंत नोंदवही असावी म्हणून भारतीय परिचर्या परिषदेने ‘एनआरटीएस’ ही संगणकीय प्रणाली आणली. तीत प्रत्येकीला ‘एनयूआयडी’ हा स्वतंत्र क्रमांक मिळतो.

नोकरी देणाऱ्याचेही कर्तव्य आहेच. अधिसेविकेच्या, म्हणजे मेट्रनच्या, कार्यालयात कर्मचाऱ्यांच्या नोंदणीच्या मुदतींची यादी असावी लागते, आणि रुग्णालयांच्या एनएबीएच मानांकनाच्या तपासणीत ती पाहिली जाते. १९४७ च्या कायद्याच्या जागी करण्यात आलेल्या २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग अधिनियमात नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास १ वर्षापर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

ब्रिटनची पद्धत वेगळी. तिथे एप्रिल २०१६ पासून दर ३ वर्षांनी ‘पुनर्प्रमाणन’ करावे लागते. ४५० तासांचे प्रत्यक्ष काम आणि ३५ तासांचे शिक्षण, त्यातले २० तास इतरांसोबत घेतलेले. शिवाय ५ अभिप्राय आणि स्वतःच्या कामाबद्दल लिहिलेली ५ चिंतनपर टिपणे. या टिपणांवर दुसऱ्या नोंदणीकृत परिचारिकेशी चर्चा करावी लागते. चिंतन लिहून घेण्याची ही अट भारतीय नियमांत नाही, आणि नुसत्या हजेरीपेक्षा ती कामाची आहे.

आखाती देशांत किंवा ब्रिटनमध्ये जाऊ पाहणाऱ्या महाराष्ट्रातील परिचारिकांना मायदेशातील परिषदेचे ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र लागते. नोंदणीची मुदत संपलेली असेल तर आधी नूतनीकरण करून मगच ते मागता येते. परदेशी नोकरी लागल्यावर इथली नोंदणी सोडून देण्याकडे कल असतो. पण मुलांच्या शाळेसाठी किंवा आईवडिलांच्या आजारपणामुळे परतावे लागले, तर इथल्या वॉर्डात उभे राहण्याआधी थकलेले तास आणि शुल्क यांचा हिशेब परिषदेच्या खिडकीवर द्यावा लागतो.