उजळणीची यादी आणि गणित: केंब्रिज ते कुंभकोणम

1. प्रस्तावना

दहावी किंवा बारावीच्या गणिताच्या पेपरची आदली संध्याकाळ आठवून पाहा. पाठ्यपुस्तक मिटलेले असते आणि समोर दोन-चार पाने असतात, सूत्रांनी गच्च भरलेली. कुणी ती स्वतः काढलेली असतात, कुणाला क्लासने छापून दिलेली असतात, तर कुणी मित्राच्या वहीवरून झेरॉक्स करून आणलेली असतात. अभियांत्रिकीला आल्यावरही ही पाने सुटत नाहीत. फक्त त्यांवरची सूत्रे बदलतात.

या टिपणात आपण या पानांचा इतिहास थोडक्यात पाहू. त्यातून एक मुद्दा लक्षात घ्यायचा आहे. उजळणीची यादी ही ज्याचा अभ्यास झालेला आहे त्याच्यासाठी तयार झाली. अभ्यासाच्या जागी ती ठेवली तर ती फारसे काही देत नाही. मात्र तिच्यातील ओळ न् ओळ स्वतः पडताळायला घेतली, तर तीच यादी गुरूचे काम करते.

2. केंब्रिज: घड्याळाशी शर्यत

गणिताची वेळ लावून घेतलेली लेखी परीक्षा आज आपल्याला स्वाभाविक वाटते. तिला आजचे स्वरूप येण्यात केंब्रिज विद्यापीठाच्या ‘मॅथेमॅटिकल ट्रायपॉस’चा मोठा वाटा आहे. पूर्वी तेथे लॅटिनमधून तोंडी वादविवाद होत. अठराव्या शतकात लेखी उत्तरांना महत्त्व येत गेले आणि एकोणिसाव्या शतकात परीक्षा पूर्णपणे लेखी झाली. 1854 साली ट्रायपॉसच्या 16 प्रश्नपत्रिका होत्या. परीक्षा आठ दिवस चाले, एकूण वेळ साडेचव्वेचाळीस तास आणि प्रश्न 211. पहिल्या वर्गात येणाऱ्यांना ‘रँग्लर’ म्हणत आणि त्यांतील पहिल्याला ‘सीनियर रँग्लर’. 1899 मध्ये हा मान रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना मिळाला (त्या वर्षी तो दोघांत विभागून होता) आणि मराठीत ‘रँग्लर’ हा शब्द त्यांच्या नावाला कायमचा चिकटला.

प्रश्न इतके असत की सगळे सोडवणे कुणालाच शक्य नसे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1869 मध्ये एका परीक्षेचे गुण प्रसिद्ध केले आहेत: एकूण 17,000 पैकी पहिल्याला 7634, दुसऱ्याला 4123 आणि यादीतील शेवटच्याला 237. अशा परीक्षेत वेग निर्णायक ठरतो. सूत्र आठवायला दोन मिनिटे लागली तर पुढचा प्रश्न गेला.

म्हणून खाजगी शिकवणीदार पुढे आले. त्यांना ‘कोच’ म्हणत. विद्यापीठाच्या बोलीतला हा शब्द घोडागाडीवरून आला, मुक्कामाला पोचवणारी ती कोच. एडवर्ड राउथ हे त्यांतील सर्वांत यशस्वी. त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ शिकवले आणि त्यांचे वीसहून अधिक विद्यार्थी सीनियर रँग्लर झाले. येथे एक गोष्ट नीट पाहा. राउथ यांचा अभ्यासक्रम तीन वर्षांहून अधिक काळ चाले. नियमित तास आणि नियमित सरावपत्रिका हा त्याचा कणा होता. शेवटच्या आठवड्यांतली उजळणी हा त्या इमारतीचा वरचा मजला होता. खालचे मजले आधीच बांधलेले असत.

3. कार यांचे पुस्तक

जॉर्ज शूब्रिज कार हे लंडनमधील असेच एक शिकवणीदार. इतरांना परीक्षेसाठी तयार करणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःची ट्रायपॉस 1880 मध्ये, वयाची चाळिशी ओलांडल्यावर दिली आणि दुसऱ्या वर्गात बाराव्या क्रमांकावर आले. त्याच सुमारास त्यांनी आपल्या शिकवणीच्या टिपणांचे पुस्तक प्रसिद्ध करायला घेतले. 1886 पर्यंत ते पूर्ण झाले.

या पुस्तकात बीजगणित, त्रिकोणमिती, कलन, भूमिती यांतील निष्कर्ष ओळीने दिले आहेत. प्रत्येकाला क्रमांक आहे आणि हे क्रमांक 6000 च्या पुढे जातात. सिद्धता बहुधा एखाद्या ओळीची, नाहीतर ‘अमुक क्रमांक पाहा’ एवढीच. आजच्या भाषेत सांगायचे तर ही सूत्रांची जाडजूड पुस्तिका होती. ज्याने विषय एकदा शिकला आहे त्याला परीक्षेआधी सगळे पुन्हा डोळ्यांखालून घालता यावे, हा तिचा उद्देश.

4. भारतात परीक्षा येते

1857 मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. सुरुवातीला त्यांचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे होते, शिकवणे महाविद्यालयांकडे होते. शाळा आणि विद्यापीठ यांच्यामध्ये मॅट्रिक किंवा प्रवेश परीक्षेचे दार उभे राहिले. मुंबईत ही परीक्षा प्रथम 1859 मध्ये झाली आणि पहिल्या उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे होते.

या दारातून आत गेले की सरकारी नोकरी, वकिली, पुढचे शिक्षण असे रस्ते खुले होत. शिवाय परीक्षा इंग्रजीतून. ज्या घरात हे शिक्षण पहिल्यांदाच येत होते, तेथे पाठांतर हा सर्वांत हाताशी असलेला उपाय होता. मुले घोकतात म्हणून त्यांना आळशी म्हणणे सोपे आहे. पण एका परीक्षेवर सगळ्या घराचे भवितव्य टांगलेले असेल, तर विद्यार्थी आधी गुण मिळवण्याचा मार्ग शोधणार आणि समजून घेणे मागे पडणार. आजही हे फारसे बदललेले नाही.

5. कुंभकोणमचा विद्यार्थी

1903 च्या सुमारास कार यांचे पुस्तक कुंभकोणमच्या टाउन हायस्कूलमधील एका मुलाच्या हाती पडले. तो मुलगा म्हणजे श्रीनिवास रामानुजन. त्याच वर्षी त्यांना मॅट्रिक द्यायची होती आणि ती ते उत्तम रीतीने उत्तीर्णही झाले. परंतु कार यांचे पुस्तक त्यांनी उजळणीसाठी वापरले नाही. त्यातील निष्कर्ष ते एकेक करून स्वतः सिद्ध करू लागले. मार्गदर्शक नव्हता, दुसरे संदर्भग्रंथही फारसे नव्हते. पुस्तकात सिद्धता जवळजवळ नसल्यामुळे प्रत्येक ओळ त्यांच्यासाठी एक नवा प्रश्न ठरली. परीक्षार्थींना घाईत वापरण्यासाठी केलेली यादी येथे कित्येक वर्षांच्या संशोधनाची सुरुवात झाली.

या कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने रामानुजन यांची महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गेली. पुढे एफ.ए. परीक्षेत ते 1906 आणि 1907 मध्ये अनुत्तीर्ण झाले. ते पाटीवर गणित करत आणि वहीत फक्त उत्तर उतरवत, त्यामुळे त्यांच्या वह्याही कार यांच्या पुस्तकासारख्याच झाल्या: निष्कर्ष भरपूर, सिद्धता नाही. ब्रूस बर्न्ट यांनी त्या वह्यांवर काम करून सिद्धतांसह प्रसिद्ध केलेले पाच खंड पूर्ण व्हायला 1998 साल उजाडले. म्हणजे यादीने त्यांना वाट दाखवली आणि आपली उणीवही दिली.

6. सुधारणांचे प्रयत्न

परीक्षेने शिकवण्यावर कुरघोडी केली आहे, हे जाणकारांना तेव्हाही दिसत होते. 1902 च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने हाच दोष सर्वांत मोठा मानला. केंब्रिजमध्ये रामानुजन यांचे पुढचे सहकारी जी. एच. हार्डी हे ट्रायपॉसचे कडवे टीकाकार होते. तेथे रँग्लरांची क्रमवार यादी 1909 मध्ये शेवटची लागली. स्वतंत्र भारतात 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची असेल तर ती परीक्षांची, असे मत नोंदवले. इतक्या इशाऱ्यांनंतरही सूत्रांची पाने टिकली, कारण परीक्षेत पणाला लागलेल्या गोष्टी कमी झाल्या नाहीत.

7. या इतिहासाचा आपल्याला उपयोग

मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शिकवतो. त्रिकोणमितीची वीस सूत्रे घडाघडा म्हणणारा विद्यार्थी पुढे फूरिए श्रेणीत एखादे सूत्र चिन्हासकट विसरतो आणि तेथेच थांबतो. ते परत कसे मिळवायचे हे त्याला कुणी दाखवलेले नसते. एक उदाहरण घ्या:

साइन (अ + ब) = साइन अ × कोसाइन ब + कोसाइन अ × साइन ब

यात ब च्या जागी अ ठेवा, दुप्पट कोनाचे सूत्र मिळेल. ब च्या जागी उणे ब ठेवा, साइन (अ − ब) मिळेल. या दोन ओळींची बेरीज करा, साइन आणि कोसाइनच्या गुणाकाराचे बेरजेत रूपांतर होईल. एका ओळीतून तीन ओळी निघाल्या आणि त्याला पाच मिनिटेही लागली नाहीत. कोसाइनसाठी हेच करून पाहा.

पेपरच्या आदल्या रात्री नवा धडा शिकून होत नाही, हे राउथ यांचे वेळापत्रकच सांगते. पण त्या रात्रीही यादीचे काम बदलता येते. सूत्राची उजवी बाजू कागदाने झाका, स्वतः लिहा आणि मग ताडून पाहा. जे आठवले नाही ते पुन्हा पाठ करण्याआधी कशातून निघते ते शोधा. ज्या ओळी अशा प्रकारे काढता येतील त्यांवर काट मारा. शेवटी जी चार-पाच सूत्रे उरतील, तेवढीच खरोखर पाठ करायची असतात. आणि हे काम रात्रीऐवजी पंधरा दिवस आधी सुरू केलेत, तर ती रात्र झोपेसाठी मोकळी राहील.

8. विचारासाठी प्रश्न

अ) ट्रायपॉसमध्ये प्रश्नांची संख्या निम्मी केली असती, तर कार यांच्यासारख्या पुस्तकाची गरज किती उरली असती?

आ) 1857 नंतरच्या भारतात पाठांतर वाढण्याची कोणती कारणे शाळेबाहेरची होती?

इ) तुमच्या चालू सत्राच्या सूत्रांच्या पानावरील किती ओळी इतर ओळींतून काढता येतात? यादी करा आणि वर्गात एकमेकांच्या याद्या ताडून पाहा.