शंभु महादेव डोंगररांग

महाराष्ट्रातील सह्याद्रीची पूर्वेकडे गेलेली एक प्रमुख शाखा. महादेव डोंगर या नावानेही ती ओळखली जाते. महाबळेश्वरच्या उत्तरेस सुमारे 16 किमी. अंतरावर ती मुख्य रांगेपासून फुटते, सातारा जिल्हा पूर्वेकडे व आग्नेयीकडे ओलांडते आणि सोलापूर जिल्ह्यात माळशिरस व सांगोला तालुक्यांच्या नैर्ऋत्य भागात ठेंगणी होत जाते. पुणे–सातारा मार्गावरील खंबाटकी घाट याच रांगेत आहे.

भूवर्णन : ही रांग दख्खनच्या काळ्या बेसाल्टची असून लाव्ह्याच्या आडव्या थरांमुळे तिच्या उतारांना पायऱ्यांसारखे टप्पे पडले आहेत. उत्तर उतारावरील ओढे नीरेला मिळतात. दक्षिणेकडे चंदन-वंदन, वर्धनगड आणि महिमानगड अशा तीन उपरांगा निघतात. पहिल्या दोहोंच्या मधून वसना आणि पुढच्या दोहोंच्या मधून येरळा वाहत जाऊन कृष्णेच्या खोऱ्यात उतरते. महिमानगड रांगेच्या पूर्वेची माण नदी मात्र सांगोल्यावरून जाऊन पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेला मिळते. त्यामुळे पूर्व भागात कृष्णा व भीमा यांचा जलविभाजक मुख्य रांगेवरून सरकून महिमानगड रांगेवर जातो. सारा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. माथे उघडे, गवताळ असून माण व सांगोला हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. माळशिरसच्या उत्तर भागाला नीरा उजव्या कालव्याचे पाणी मिळते, डोंगरालगतच्या गावांना पावसावर विसंबावे लागते.

नाव : माण तालुक्यातील शिखर शिंगणापूर येथील शंभुमहादेवावरून रांगेला नाव पडले. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे 1,000 मी. उंचीवर असून गाभाऱ्यात शिव-पार्वतीची मानलेली दोन लिंगे आहेत. शिंगणापूर हे नाव यादव राजा सिंघण याच्याशी जोडले जाते. शंभुमहादेव हे भोसले घराण्याचे कुलदैवत. रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या ग्रंथात या दैवताचा मागोवा घेत भोसल्यांचे मूळ होयसळ-यादव परंपरेत असल्याचा सिद्धांत मांडला.

इतिहास : डोंगरावर पाण्याची वानवा असल्याने मालोजीराजे भोसले यांनी 1600 च्या सुमारास शिंगणापुरात मोठा तलाव बांधला. रांगेवर ताथवड्याचा संतोषगड व वारूगड, तर उपरांगांवर चंदन-वंदन, वर्धनगड व महिमानगड हे किल्ले आहेत. देशावरून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या वाटांवर नजर ठेवण्यासाठी ते उपयोगी पडत.

चढाईची परंपरा : दोर व मेखांच्या साहाय्याने सुळके सर करण्याचा महाराष्ट्रातील आधुनिक इतिहास मुख्यतः सह्याद्रीच्या पश्चिम कड्यांवर घडला. शंभु महादेव रांगेतील प्रसिद्ध चढाई मात्र यात्रेची आहे. गुढीपाडव्यापासून चैत्र पौर्णिमेपर्यंत शिंगणापूरची यात्रा भरते आणि अष्टमीला शिव-पार्वतीचा विवाह लागतो. द्वादशीला माळशिरस तालुक्यातील कोथळे गावाकडून मुंगी घाटाने कावडी वर नेतात. या उभ्या कड्यावरून मुंगीच चढू जाणे, म्हणून हे नाव पडले असे लोक सांगतात. कावडीच्या दांडीला पाण्याने भरलेले दोन रांजण व वर निशाणे असतात. खांदेकरी एकमेकांना हात देत, मानवी साखळी करून, ‘हर हर महादेव’च्या गजरात ती टप्प्याटप्प्याने चढवतात. सासवड परिसरातून कऱ्हेचे पाणी आणणाऱ्या तेल्या भुत्याच्या कावडीला विशेष मान असतो. वर पोहोचल्यावर या पाण्याने शंभुमहादेवाला अभिषेक होतो.

दळणवळण : शिंगणापूरला नातेपुते, फलटण व दहिवडी येथून मोटाररस्ते आहेत. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस अशी रांगेच्या उत्तरेकडील सपाटीवरून पंढरपूरला जाते.